अजून, अजून, अजून!

माझ्या नोकरीत ओरडावं लागतं. दार लावलेलं असलं तरी बाहेर बाकावर बसलेल्यांना सगळं ऐकू जातं. "घ्या, घ्या, घ्या, छाती पूर्ण भरा... आणि फुंका! जोरात! सोडा, सोडा, थांबू नका, अजून, अजून, अजून..." पहिल्यांदाच आलेला माणूस हे ऐकून जरा बिचकूनच आत येतो. एका काकांनी तर खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं होतं, "मॅडम, आधीच्या पेशंटचं काही चुकलं का हो?"

मी पीएफटी करते, म्हणजे फुफ्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमीटरची तपासणी. रक्ताच्या तपासणीला हात पुढे केला की पेशंटचं काम संपतं. एक्स-रेला क्षणभर श्वास धरून उभं राहायचं, ईसीजीला तर नुसतं पडून राहायचं. इथे मात्र सगळी मेहनत पेशंटची. नाकाला क्लिप, नळीभोवती ओठ आवळलेले, छाती गच्च भरलेली, आणि मग एका झटक्यात अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून हवा बाहेर फेकायची. झटका दिला की लोकांना वाटतं, झालं. पण धडधाकट तरुणाची हवा तीन-चार सेकंदांत संपते, तर दम्याच्या किंवा सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आवळण्याच्या आजाराच्या, पेशंटची दहा-बारा सेकंद झाले तरी बारीक बारीक येतच राहते. ती शेवटचीही मोजायची असते. माझं ‘अजून, अजून’ तिच्यासाठी.

पेशंटने अर्ध्या मनाने फुंकलं तर मशीन अर्ध्या मनाचा आकडा छापतं, तोही दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत. कागदावर तो इतका खात्रीचा दिसतो की कुणी शंका घेत नाही. म्हणून एका फुंकेवर आम्ही विश्वास ठेवत नाही. निदान तीन फुंका धड जमायला हव्यात आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन एकमेकींच्या १५० मिलिलिटरच्या आत यायला हव्यात. नाही आल्या तर परत. माणूस दमतो, डोळ्यांसमोर अंधारी येते, म्हणून खुर्ची हातांची लागते आणि चाकं नसलेली. साधारण आठ वेळा करूनही जमलं नाही, तर त्या दिवशी सोडून द्यायचं.

ही सगळी माहिती पुस्तकात असते. पुस्तकात नसतं ते असं: वयस्क बायकांना सुरू करण्याआधी "बाथरूमला जाऊन या" हे हळूच सांगायचं. नाहीतर जोर लावला की काय होईल या धास्तीने त्या कधीच पूर्ण फुंकत नाहीत आणि का फुंकत नाहीत हे सांगतही नाहीत. कवळी बसलेली असेल तर काढायला लावायची नाही, कारण कवळीशिवाय ओठ नळीला नीट धरत नाहीत आणि हवा बाजूने निसटते. सोबत आलेल्या सुनेला किंवा मुलाला शक्यतो बाहेर बसवायचं. सासूबाई सुनेसमोर तोंड वाकडं करून फुंकणार नाहीत, आणि मुलासमोर बाप स्वतःला मुद्दाम जास्त आजारी तरी दाखवतो किंवा मुद्दाम धट्टाकट्टा तरी.

मग वय आणि उंची. उंची चपला काढून. पाठीला बाक आला असेल तर दोन्ही हात फैलावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर मोजतो आणि त्यावरून उंचीचा अंदाज बांधतो. वयाचं अवघड आहे. आधार कार्डावर १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ही तारीख आपल्याकडे इतक्यांची आहे की जूनच्या पहिल्या तारखेला निम्म्या महाराष्ट्राला शुभेच्छा द्याव्या लागतील. तारखेचं सोडा, वर्षही अंदाजाचं असतं. "खरं वय किती, आजी?" म्हटलं की उत्तर येतं, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला कडेवर होता." म्हणजे १९६७. मग आम्ही दोघी मिळून गणित करतो. तुम्हाला वाटेल, दोन-चार वर्षांनी असा काय फरक पडतो? पडतो. कसा, ते पुढे सांगते.

त्याआधी फुंकणीबद्दल. गावाकडच्या बायका या तपासणीला आल्या की एक गोष्ट हमखास होते. नळी हातात दिली की त्या गाल फुगवतात आणि एकसारखी, बेताची, लांबच लांब फुंकर घालतात. वर्षानुवर्षं चुलीसमोर बसून लोखंडी फुंकणीने जाळ केलेला असतो. जोरात फुंकलं तर राख डोळ्यात जाते, हळू फुंकलं तर लाकूड पेटत नाही. त्या हिशेबाने तयार झालेलं ते कसब आहे, आणि माझ्या कामासाठी नेमकं उलटं. मला सगळा जोर पहिल्या सेकंदात हवा असतो. मग मी सांगते, "मावशी, चूल नाही पेटवायची. समोर शंभर मेणबत्त्या आहेत, एकदम विझवायच्यात." कुणी हसतं, कुणी "शंभर कशाला" म्हणतं, पण फुंक सुधारते.

याच बायकांच्या केसपेपरवर धूम्रपानाच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं असतं आणि आलेख मात्र सीओपीडीचा निघतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा रोग, अशी या आजाराची ओळख फार काळ होती. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला आणि लाकूड, गोवऱ्या, काटक्या जाळणाऱ्या चुलीच्या धुराला त्यात मोठी जागा दिली. आता आमच्या फॉर्मवर चुलीचा प्रश्न आहे. "स्वयंपाक गॅसवर का?" असं मात्र विचारायचं नाही. सगळ्या "हो" म्हणतात, सिलिंडर घरात असतोच. "अंघोळीचं पाणी कशावर तापवता?" असं विचारलं की खरं कळतं.

तर आता वयाचं. आणि त्यासाठी थोडं मागे, लंडनला जावं लागेल.

कोविडच्या पहिल्या लाटेत आमची खोली बंदच होती. एकाने छातीतली सगळी हवा जोराने बाहेर टाकायची आणि दुसऱ्याने हाताच्या अंतरावर बसून "अजून, अजून" करायचं, हे त्या दिवसांत कोण करू देणार? दुसऱ्या ड्यूट्या लागल्या, पण मधला वेळ बराच मिळे, आणि ज्या यंत्रासमोर आयुष्य काढायचं त्याची कुळकथा मी तेव्हा वाचून काढली. (बाहेर तोवर घरोघरी तीन रंगीत चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र पोचलं होतं. त्यात हवा आत ओढायची असते. मी पाहिलेली बरीच माणसं त्यात जिवाच्या आकांताने फुंकत होती आणि चेंडू हलत नाही म्हणून घाबरत होती.)

जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८४६ साली आपल्या स्पायरोमीटरवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. पाण्यात उपडी ठेवलेली एक टाकी, माणसाने नळीतून फुंकलं की हवेने ती वर उचलली जायची, आणि किती उचलली ते पट्टीवर वाचायचं. एवढ्या साध्या यंत्रावर त्याने दोन हजारांहून जास्त माणसं फुंकवली. त्यात खलाशी होते, पोलीस होते, सैनिक, मुष्टियोद्धे, भिकारगृहातले लोक, सभ्य गृहस्थ, झालंच तर एक अमेरिकन ‘राक्षस’ आणि काही बुटके लोकही. मला त्याचं कौतुक वाटतं ते आकड्यापेक्षा या यादीमुळे. दोन हजार माणसांना जोर लावून फुंकायला लावणं म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्यालाच कळेल.

पूर्ण श्वास घेऊन जेवढी हवा बाहेर काढता येते तिला त्याने ‘व्हायटल कपॅसिटी’ म्हटलं, आणि त्यातून एक सरळ नियम काढला: पाच ते सहा फूट उंचीच्या माणसांत दर इंचामागे ही क्षमता आठ घनइंच, म्हणजे साधारण १३० मिलिलिटर वाढते. वजनाशी तिचं तसं सरळ नातं सापडलं नाही. वयाबरोबर ती कमी होते. म्हणजे माझी मोजपट्टी आणि आजींचा कोयनेचा भूकंप, दोन्ही थेट हचिन्सनकडून आलेत.

पण त्याला हे का हवं होतं? तो विमा कंपनीत डॉक्टर होता. क्षयाने लोक पटापट मरत होते आणि स्टेथोस्कोपला कळायच्या आधी छातीतला बिघाड ओळखता आला, तर कोणाचा विमा उतरवायचा आणि कोणाचा नाही हे ठरवता येणार होतं. निरोगी माणसाची हवा किती ‘असायला हवी’ याचा तक्ता त्यासाठी लागत होता. विमेवाल्यांनी ते यंत्र काही डोक्यावर घेतलं नाही. हचिन्सन पुढे १८५२ मध्ये सगळं सोडून ऑस्ट्रेलियाला गेला, तिथून फिजीला, आणि १८६१ मध्ये तिथेच वारला. तक्ता मात्र राहिला. आजही माझ्या रिपोर्टवर दोन रकाने शेजारी शेजारी असतात: तुम्ही किती फुंकलं, आणि तुमच्या वयाच्या, उंचीच्या, लिंगाच्या निरोगी माणसाने किती फुंकायला हवं होतं. पहिल्याला दुसऱ्याने भागून टक्के निघतात. पेशंट विचारतात, "मॅडम, किती टक्के पडले? पास ना?"

पहिल्या सेकंदाला महत्त्व मिळालं ते शंभर वर्षांनी. १९४७ मध्ये फ्रान्सच्या रोबेर तिफनो यांनी दाखवलं की एकूण हवेपेक्षा ती किती वेगाने बाहेर पडते हे जास्त बोलकं असतं. निरोगी माणूस आपल्या हवेचा सत्तर-ऐंशी टक्के भाग पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. श्वासनळ्या आवळल्या असतील तर ते प्रमाण घसरतं. फुफ्फुसं स्वतःच आकसली असतील तर हवा एकूणच कमी, पण वेग बरा. पहिल्या सेकंदातली ही हवा म्हणजेच रिपोर्टवरचं ‘एफईव्ही-१’. दम लागलेले लोक सांगतात, "श्वास आत जात नाही." कित्येकदा खरी अडचण असते ती बाहेर न पडणाऱ्या हवेची. आधीची बाहेर पडत नाही, म्हणून नवीनला जागा नाही. आणि अशी अडकून राहिलेली हवा स्पायरोमीटरला दिसतच नाही. कितीही फुंकलं तरी धडधाकट माणसाच्या छातीतसुद्धा लिटर-सव्वा लिटर हवा उरते. ती मोजायला हेलियमसारखा वायू हुंगवून हिशेब करावा लागतो किंवा टेलिफोन बूथसारख्या काचेच्या पेटीत बसवावं लागतं. हम्फ्री डेव्हीने १८०० साली स्वतःच हायड्रोजन हुंगून आपली उरलेली हवा मोजली होती. काय माणसं!

आता त्या दुसऱ्या रकान्याकडे, ‘असायला हवं’कडे परत येते. कारण माझं जे काही म्हणणं आहे ते त्याबद्दल आहे.

मशीन सुरू केलं की ते वय, उंची, लिंग विचारतं आणि चौथा प्रश्न विचारतं: वंश. नवीन होते तेव्हा मला शिकवलं गेलं ते खालच्या यादीतून नेमकं काय निवडायचं एवढंच. का निवडायचं, हे नाही. ते मी त्या कोविडच्या वाचनात पाहिलं आणि बराच वेळ सुन्न झाले. १८५१ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानाचा सॅम्युएल कार्टराइट नावाचा डॉक्टर लिहितो की काळ्या गुलामांच्या फुफ्फुसांची क्षमता गोऱ्यांपेक्षा वीस टक्के कमी असते, आणि शेतावर राबणं हे त्यांच्या प्रकृतीला हितकारकच आहे. हा तोच कार्टराइट, ज्याने गुलामांच्या पळून जाण्याला आजार ठरवून त्याला वैद्यकीय नावही दिलं होतं. पुढे अमेरिकन यादवीतल्या सैनिकांच्या मोजणीनेही तोच फरक छापला. कुणी काय खाल्लं, कुठे झोपला, लहानपणी कोणता धूर ओढला, हे कुणी मोजलं नाही. आणि शेवटी तो फरक सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बसला: काळ्या माणसासाठी ‘असायला हवं’ दहा-पंधरा टक्क्यांनी कमी, आशियाईसाठी चार-सहा टक्क्यांनी.

याचा अर्थ कागदावर बघा. समजा एकाची पहिल्या सेकंदातली हवा २.४ लिटर आली. तक्ता म्हणाला ३.० असायला हवी, तर तो ८० टक्के. तक्ता बदलला आणि म्हणाला २.७ पुरे, की तोच माणूस, तीच फुंक, ८९ टक्के. माणूस जागचा हलला नाही आणि त्याचा आजार कमी झाला! नुकसानभरपाई मागायला आलेल्या कामगाराला हा फरक पोटावर मारणारा आहे.

आपल्याकडे हा गोंधळ वेगळ्या तऱ्हेने आहे. २०१२ मध्ये जगभरातल्या सुमारे ७४ हजार निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसांवरून एक मोठा तक्ता तयार झाला. तीन वर्षांच्या पोरापासून पंच्याण्णव वर्षांच्या आजोबांपर्यंत सगळ्यांसाठी. त्यात गोरे युरोपीय, आफ्रिकन-अमेरिकन, ईशान्य आशियाई आणि आग्नेय आशियाई असे गट होते. भारतीय उपखंडाला स्वतःचा गट नव्हता. एवढ्या कोटींची आम्ही माणसं ‘इतर’मध्ये! मुंबई-दिल्लीच्या डॉक्टरांनी आपापल्या भागातल्या निरोगी माणसांवरून सूत्रं केली होती, ती काही मशीनमध्ये आहेत, काहींत नाहीत. त्यामुळे एकच पेशंट दोन सेंटरमध्ये फुंकून आला तर दोन वेगळे टक्के घेऊन येतो आणि आमच्यातलं कोणीतरी चुकलंय असं समजतो. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशाचा रकाना सोडून द्यावा आणि सगळ्यांना एकच सरासरी तक्ता लावावा अशी शिफारस केली. योग्यच आहे, पण त्यानेही प्रश्न सुटतो असं नाही. भारतीय माणसाचे आकडे गोऱ्या माणसापेक्षा कमी येतात हे मीही रोज बघते. त्यातलं हाडापेराचं किती आणि कुपोषणाचं, धुराचं, लहानपणच्या न्यूमोनियाचं किती? कमी आकड्यालाच ‘आपल्याकडे एवढंच असतं’ म्हणून निरोगी ठरवलं, तर तो धूरच आपण तक्त्यात बसवला की.

हे मला कळलं ते गिरणीवाल्या बाबांमुळे. लालबाग-परळकडची जुनी मंडळी अजून अधूनमधून येतात, आता खूपच कमी. ब्लो रूमला किंवा कार्डिंगला, म्हणजे कापूस पिंजायच्या-विंचरायच्या खात्यांत, आयुष्य काढलेली. कापसाच्या धुळीने होणाऱ्या रोगाला डॉक्टर ‘बायसिनोसिस’ म्हणतात, आणि त्याचा एक विचित्र स्वभाव आहे. सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळते. आठवडा पुढे सरकतो तशी सुटते. पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा. सुरुवातीची कित्येक वर्षं हे असं सोमवारपुरतं असतं, मग मंगळवारी राहतं, मग रोज. हे पकडायचा मार्ग फुंकण्याचाच. सोमवारी पाळी सुरू होताना फुंका, पाळी संपताना फुंका, आणि पहिल्या सेकंदातली हवा किती घटली ते बघा. केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचा पाच वर्षं पाठपुरावा करून या रोगाचा अभ्यास केला. तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी संप. बायसिनोसिस कामगार कायद्यात नोंद झालेला रोग आहे, भरपाईच्या कायद्याच्या यादीतही आहे. यादीत असणं वेगळं आणि हातात पैसे पडणं वेगळं, हे त्या बाबांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

या सोमवारच्या मोजणीत मला आवडणारी गोष्ट अशी की तिथे ‘असायला हवं’चा तक्ताच लागत नाही. सकाळचा तो आणि संध्याकाळचा तो, एवढंच. त्याचा वंश, त्याचं आधार कार्ड, लंडनचे खलाशी, कशाचाच संबंध नाही. दम्याच्या तपासणीतही आम्ही असंच करतो. आधी फुंकवतो, मग श्वासनळ्या उघडणाऱ्या सॅल्ब्युटामॉलचे पफ देतो, पंधरा मिनिटं बाहेर बसवतो आणि परत फुंकवतो. किती उघडलं ते त्याचं त्याच्याशीच ताडून.

म्हणून टक्के विचारणाऱ्या पेशंटला मी हल्ली लिटर सांगते. मशीनच्या बाबतीत तेवढीच गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण रोज सकाळी तीन लिटरचा मोठा पिचकारीसारखा सिरिंज लावून मी ते तपासलेलं असतं. तीन लिटर ढकलले की २.९१ ते ३.०९च्या आतच दिसायला हवेत, नाहीतर त्या दिवशी मशीन बंद.

मागे एक निवृत्त ड्रायव्हर काका आले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे जुने रिपोर्ट, वेगवेगळ्या सेंटरचे. ६८ टक्के, ७४ टक्के, ६६ टक्के. त्यांच्या डोक्यात पार गोंधळ. "मधल्या वर्षी मी सुधारलो होतो का?" मी प्रत्येक कागदावर पेनने पहिल्या सेकंदाचे लिटर गोल केले. १.९२, १.९०, १.८५. वर्षाला पंचवीस-तीस मिलिलिटर तर वयाने सगळ्यांचेच जातात, तेव्हा मधल्या वर्षी सुधारणाही नव्हती आणि फार बिघाडही. टक्के तेवढे तक्त्याबरोबर खालीवर झाले होते. मग त्या दिवशीचा आकडा लिहिला: १.५५. फुंका तिन्ही चांगल्या होत्या, मी डोळ्यांसमोर करून घेतल्या होत्या.

काकांनी बोटाने चारही आकडे दोनदा वाचले. "या एका वर्षात तीनशे गेले?"

"सर्दी-खोकला, ताप, दवाखान्यात ॲडमिट, असं काही झालं होतं का?"

"नाही." मग बराच वेळ कागदाच्या घड्या घालत बसले. "बायको गेल्यापासून परत बिडी सुरू केली होती. घरात कुणाला माहीत नाही."

मी म्हटलं, "काका, हे मी लिहीत नाही. आत डॉक्टरांना तुम्हीच सांगा, आणि चारही कागद दाखवा." आणि दारातून पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.